मित्राला राहायला घर दिले, तर सरकारचा कर लागतो का?



१९१७ साली बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून आले आणि बडोदा संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले. एवढा विद्वान माणूस, पण साऱ्या बडोदे शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. नाइलाजाने पारशी नाव घेऊन ते पारशांच्या विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि जागा सोडण्याची धमकी देऊन गेला. त्या दिवशी बाबासाहेबांनी आपल्या दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. एकाने सांगितले की तुम्ही आलात तर घरचे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला की बायकोला विचारावे लागेल. शेवटी बाबासाहेब बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. ही हकीकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली आहे.

म्हणूनच मित्रासाठी दार उघडणे ही आपल्या समाजात किरकोळ गोष्ट नाही. मुंबईच्या चाळींत दहा बाय बाराच्या खोलीत गावाकडचे आठ-दहा जण राहिले, पाळीपाळीने झोपले, म्हणून आपली पहिली पिढी कारखान्याला लागली. परळच्या इस्पितळात कोणाचे ऑपरेशन असले की अजूनही नातेवाईक, गाववाले कोणाच्या तरी घरी उतरतात. आणि आडनाव विचारून घर नाकारणारे आजही संपलेले नाहीत. अशा वेळी आपल्यातल्याच एखाद्याने "चावी घे, राहा, भाड्याचे बघू नकोस" असे म्हटले, की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी येते.

आता दिवस थोडे बदलले आहेत. गिरणीत, महापालिकेत, रेल्वेत, एसटीत आयुष्य घालवलेल्या माणसाने फंडाच्या पैशातून बदलापूर, अंबरनाथ, विरार अशा ठिकाणी छोटासा फ्लॅट घेतलेला असतो. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला, स्वतः म्हातारा-म्हातारी जुन्याच खोलीत. फ्लॅट रिकामा. अशात एखाद्या जिवलग मित्राची नोकरी जाते, किंवा चाळ पाडायला निघते, आणि आपण त्याला घर देतो. मग विहारात रविवारच्या वंदनेनंतर चहा पिताना कोणी सांगतो, "भाडे घेतले नाही तरी आयकरवाले भाडे धरतात." दुसरा घाबरवतो, "बारा वर्षे झाली की घर त्याचेच होते." ऐकणाऱ्याची झोप उडते आणि चांगल्या मैत्रीत विष कालवले जाते. दोन्ही बोलण्यांत थोडे खरे आहे आणि बरेचसे अर्धवट आहे. ते नीट समजावून घ्यावे, म्हणून हा लेख.

कर भाड्यावर नाही, घराच्या मूल्यावर

आयकर कायद्यात 'घरापासूनचे उत्पन्न' असा एक वेगळा भाग आहे. १९६१ च्या कायद्यात तो २२ ते २७ या कलमांत होता. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा त्या कायद्याची जागा घेतो. कलमांचे आकडे बदलले, पण घराबाबतचे मूळ तत्त्व तेच आहे.

ते तत्त्व पुष्कळांना चमत्कारिक वाटते. हा कर केवळ हातात आलेल्या भाड्यावर नाही. घर भाड्याने दिले असते तर वर्षाला रास्त भाडे किती आले असते, तो आकडा म्हणजे घराचे 'वार्षिक मूल्य'. मालकाला प्रत्यक्षात एक रुपयाही मिळाला नसला, तरी कायदा हे मूल्य उत्पन्न म्हणून धरू शकतो. चहाच्या गप्पांतले पहिले वाक्य इथून आलेले आहे.

पण त्याच कायद्यात मोठी सवलतही आहे आणि गप्पांत ती कोणी सांगत नाही. मालक स्वतः राहत असलेल्या घराचे वार्षिक मूल्य शून्य धरले जाते. पूर्वी ही सवलत एकाच घराला होती. २०१९ च्या अर्थसंकल्पाने ती दोन घरांना दिली. २०२५ च्या अर्थसंकल्पाने आणखी ढिलाई केली. आधी, मालक दुसऱ्या गावी नोकरी-धंद्यामुळे घरात राहू शकत नसेल तर, अशी अट होती. आता कोणत्याही कारणाने राहू शकत नसला तरी दोन घरांपर्यंत मूल्य शून्य धरता येते. एक गोष्ट मात्र कायम आहे. त्या घरातून भाडे किंवा दुसरा कोणताही लाभ घेतला, तर ही सवलत त्या घराला लागू होत नाही.

याचा अर्थ काय? आपण राहतो त्याच घरातली एक खोली मित्राला दिली आणि पैसे घेतले नाहीत, तर चिंता करण्याचे कारण नाही. ते आपलेच राहते घर आहे. दुसरा फ्लॅट मित्राला दिला, आपली एकूण घरे दोनच आहेत आणि भाडे वा लाभ काही नाही, तर दुरुस्तीनंतरचे कायद्याचे शब्द इतके व्यापक आहेत की शून्य मूल्याची सवलत मागता येते. तरी मित्र राहत असलेले घर विवरणपत्रात कसे दाखवायचे, हे एकदा जाणकार कर सल्लागाराला विचारून घ्यावे. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊन पुढे नोटीस ओढवून घेऊ नये.

गावचे घरही मोजावे लागते

इथे आपले लोक एक चूक करतात. मुंबईची खोली आणि बदलापूरचा फ्लॅट एवढेच मोजतात. पण गावी वडिलांचे घर आपल्या नावावर असेल, तर तेही घरच. मग घरे तीन झाली. तीनपैकी कोणत्या दोन घरांना सवलत लावायची, हे ठरवण्याचा हक्क मालकाचा आहे. गावच्या घराचे रास्त भाडे नगण्य असते. म्हणून सवलत शहरातल्या दोन घरांना लावावी आणि गावचे घर तिसरे म्हणून दाखवावे, हे शहाणपणाचे. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल आणि दोघांचे हिस्से ठरलेले असतील, तर प्रत्येकाचा हिशोब आपापल्या हिश्श्यापुरता वेगळा होतो.

चाळीतली खोली पागडीची असेल, तर आपण तिचे मालक नसून भाडेकरू आहोत. तिचे वार्षिक मूल्य आपल्या उत्पन्नात येत नाही.

एक हिशोब करून पाहू

समजा, एखाद्या बांधवाकडे शहरात तीन घरे आहेत आणि तिसरे मित्राला फुकट दिलेले आहे. त्या भागात तशा घराला महिना ६,००० रुपये भाडे मिळते. वर्षाचे झाले ७२,००० रुपये. त्यातून मालकाने त्या वर्षी स्वतः भरलेली घरपट्टी वजा होते. ती ३,००० धरू. राहिले ६९,०००. यातून दुरुस्ती वगैरेसाठी सरसकट ३० टक्के, म्हणजे २०,७०० रुपये वजा होतात. पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. उरले ४८,३०० रुपये. न मिळालेल्या भाड्यापोटी हे उत्पन्न त्याच्या नावावर धरले जाईल.

आता कर किती? जुन्या करपद्धतीत राहणाऱ्याचे करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या वर आणि दहा लाखांच्या आत असेल, तर २० टक्क्यांप्रमाणे ९,६६० रुपये आणि त्यावर ४ टक्के उपकर, असे सुमारे १०,०४६ रुपये. पण २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, मालमत्तेच्या विक्रीवरील नफ्यासारखी खास दराची उत्पन्ने सोडली तर, सूट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० ची वजावट वेगळी आहे. त्यामुळे आपल्यासारख्या कष्टकरी घरांतल्या बहुतेकांना मित्राच्या घरापायी एक पैसाही कर पडणार नाही. धाक मोठा आणि रक्कम शून्य, अशी ही गोष्ट आहे. मात्र ती ज्याची त्याने आपल्या आकड्यांवर तपासावी.

मित्राला कर लागतो का?

दुसरी भीती अशी की फुकट राहणे म्हणजे भेट, आणि भेटीवर कर. नियम असा आहे की वर्षभरात नातेवाईक नसलेल्यांकडून एकूण ५०,००० रुपयांच्या वर रोख रक्कम भेट मिळाली, तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. लग्नातल्या भेटी याला अपवाद आहेत. जमीन, घर, दागिने फुकट नावावर झाले तरी असाच नियम लागतो. नातेवाईक कोण, याची यादी कायद्यातच आहे. तिच्यात मित्र नाही, आणि पुष्कळांना ठाऊक नसते, पण चुलत किंवा मामेभाऊही नाही.

परंतु मित्राने घरात नुसते राहणे म्हणजे घर नावावर होणे नव्हे. मैत्रीखातर राहू दिले, तर त्या राहण्याची किंमत काढून मित्रावर कर लावला जात नाही. घर मालकाने आपल्या नोकराला दिले असेल, किंवा धंद्यातल्या व्यवहाराच्या बदल्यात दिले असेल, तर गोष्ट वेगळी. ती मैत्री राहत नाही, मोबदला होतो, आणि मोबदल्याला कर आहे.

भाडे नाही, पण 'थोडेसे' आहे

खरी गुंतागुंत इथे होते. मित्र स्वाभिमानी असतो. त्याला फुकट राहणे जड जाते. म्हणून तो म्हणतो, "भाडे नको तर नको, तुझ्या कर्जाचा हप्ता मी भरतो." किंवा सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी तो भरू लागतो. आपल्यालाही बरे वाटते. पण जो खर्च मालकाचा आहे तो दुसऱ्याने भरला, की ते भाड्याचेच दुसरे रूप म्हणून पाहिले जाऊ शकते आणि शून्य मूल्याची सवलत धोक्यात येते. घरपट्टीची वजावटही मालकाने स्वतः भरली तरच मिळते. मित्राने स्वतः वापरलेल्या विजेचे, पाण्याचे, गॅसचे बिल भरले, तर ते त्याचे त्याने भरले. त्याला भाडे म्हणत नाहीत.

मुंबईत 'हेवी डिपॉझिट'चा प्रकार सर्रास चालतो. भाडे काही नाही, पण चार-पाच लाख अनामत. ती रक्कम मालक वापरतो, म्हणजे लाभ घेतोच. त्याला 'फुकट दिले' म्हणता येणार नाही. आणखी एक. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त अनामत अथवा उसने पैसे रोखीत घेण्यास कायद्याने बंदी आहे. घेतले तर जेवढी रक्कम तेवढाच दंड होऊ शकतो. परत करतानाही तीच मर्यादा. म्हणून घेणे-देणे असेल तर बँकेतूनच.

"नुसती एक पावती दे"

घर फुकट दिल्यानंतर काही महिन्यांनी मित्र संकोचत येतो. "ऑफिसात घरभाडे भत्त्यासाठी पावती लागते. तू पैसे घेतले असे लिहून दे. तुझे काय जाते?" मैत्रीत नाही म्हणणे कठीण असते. पण इथे नाहीच म्हणावे.

घरभाडे भत्त्यावरची सूट जुन्या करपद्धतीत मिळते आणि तीही प्रत्यक्ष भाडे भरणाऱ्यालाच. न दिलेल्या भाड्याची पावती म्हणजे सरळ खोटे कागदपत्र. पकडले गेले तर चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर दाखवले तर मालकाचा पॅन नंबर द्यावा लागतो. मग आयकर खाते मालकाला विचारते की हे भाडे तुमच्या विवरणपत्रात कुठे आहे? रुपयाही न घेता मालकावर लाखाचे उत्पन्न चढते. आपण दर रविवारी पंचशील घेतो. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे आणि दुसरे, न दिलेले न घेण्याचे. खोट्या पावतीत दोन्ही मोडतात. मित्राला हे प्रेमाने समजावून सांगावे. खरा मित्र रागावणार नाही.

सोसायटी, महापालिका आणि क्वार्टर

आयकर शून्य झाला तरी इतर ठिकाणचा हिशोब राहतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत मालक स्वतः राहत नसेल तर संस्था बिनभोगवटा शुल्क लावते, ज्याला सगळे 'नॉन-ऑक्युपन्सी' म्हणतात. महाराष्ट्र सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि महापालिकेचे कर त्या हिशोबात धरायचे नाहीत. आई-वडील, भाऊ-बहीण, मुले, सून-जावई, नातवंडे राहत असतील तर ते लागत नाही. मित्र या यादीत नाही. म्हणून भाडे न घेताही हे शुल्क भरावे लागू शकते. मात्र सेक्रेटरीने दहा टक्क्यांच्या वर मागितले, तर हा आदेश पुढे करावा.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता करात माफी आहे. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर करात ४० टक्के सवलत मिळते. तिथे दुसऱ्याला राहायला दिल्यास ही सवलत टिकते का, हे आधी विचारून घ्यावे.

आणखी एक इशारा. रेल्वे, पोलीस, महापालिकेच्या क्वार्टरमध्ये परस्पर दुसऱ्याला ठेवणे नियमाविरुद्ध आहे. भाडे घेतले नाही हा बचाव चालत नाही आणि नोकरीवर बेतते. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेल्या घरांवरही ठरावीक मुदतीपर्यंत बंधने असतात. मित्राला चावी देण्यापूर्वी आपले वाटपपत्र वाचावे.

बारा वर्षांनी घर जाते का?

आता दुसरी भीती. बारा वर्षांचा नियम आहे, पण तो मालकाच्या हक्काविरुद्ध, मालक म्हणून मिरवत केलेल्या ताब्याला लागतो. परवानगीने राहणाऱ्याला नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका घराच्या दाव्यात हे स्वच्छ सांगितले. तिथे बहिणीने भावाला घरात राहू दिले होते. न्यायालयाचा निष्कर्ष असा की मित्र, नातेवाईक, राखणदार किंवा नोकर म्हणून फुकट राहू दिलेल्या माणसाला, तो कितीही वर्षे राहिला तरी, घरावर हक्क मिळत नाही.

पण परवानगी होती, हे दाखवायला कागद हवा. तोंडी शब्दावर कोर्टात वर्षानुवर्षे जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ती जबाबदारी मालकाची. नसेल तर वाद झाल्यावर राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाण्याचा धोका असतो. म्हणून मोबदला नाही असे स्पष्ट लिहून, अकरा महिन्यांसारखी मुदत घालून, करार नोंदवावा. महापालिका क्षेत्रात नोंदणी फी १,००० रुपये आहे. मुदत संपली की नवा करार करावा. वीज मीटर, घरपट्टी, सोसायटीची पावती आपल्याच नावावर ठेवावी आणि पैसे आपल्याच खात्यातून भरावेत. घरातल्या बाईला आणि मुलांना हा कागद कुठे ठेवला आहे ते सांगून ठेवावे. पुष्कळ भांडणे मित्रामित्रांत होत नाहीत, त्यांच्या पश्चात मुलामुलांत होतात.

कागद म्हणजे अविश्वास नव्हे

"मित्राकडून सही घ्यायची म्हणजे त्याच्यावर संशय," असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. बाबासाहेब स्वतः सार्वजनिक अर्थशास्त्राचे पंडित होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येणार नाही, हे संविधानाचे २६५ वे कलम सांगते. म्हणजे कर ही कोणा साहेबाची मर्जी नाही. तो लिहिलेल्या शब्दाने बांधलेला आहे. ज्याने शब्द वाचला त्याला नोटिशीची भीती नाही. हाच न्याय घरातही लावावा. लिहिलेला शब्द दोघांचेही रक्षण करतो. उद्या मालकाच्या मुलाने मध्येच घर रिकामे कर म्हटले, तर मित्राच्या हातातही मुदतीचा कागद असतो.

तथागतांनी सिगालाला केलेल्या उपदेशात खऱ्या मित्राची ओळख सांगितली आहे. तो सुखात आणि दुःखात सारखाच असतो, मदतीला धावतो, हिताचे सांगतो आणि आपल्याबद्दल कळवळा ठेवतो. त्याच उपदेशात मिळकतीचा एक भाग संकटासाठी राखून ठेवायलाही सांगितले आहे. आपल्या कष्टाचे घर हा तो राखून ठेवलेला भाग आहे. त्यात संकटात सापडलेल्या मित्राला जागा द्यावी आणि ते घर सांभाळूनही ठेवावे. यात विरोध नाही.

१९१७ साली दोन मित्रांच्या दारातून बाबासाहेबांना परत फिरावे लागले. आपल्या मित्राला तसे फिरावे लागू नये. चावी आनंदाने द्या, पण चावीबरोबर एक कागदही द्या. पावती खरी असेल तरच द्या. आणि विवरणपत्र भरताना आपली घरे मोजायला विसरू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!